बदली इंजिनाची ट्युनिंग हेडपासून: वाडीच्या एका दहा चाकीचं प्रकरण

नागपूरच्या वाडीतल्या एका मालकाच्या दहा चाकी ट्रकचं मूळ इंजिन उन्हाळ्यात गेलं. बेअरिंगने क्रँक धरला, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि इंजिन बांधायचा प्रश्नच मिटला. मालकाने त्याच जातीचं, मोडीत निघालेल्या गाडीतून उतरवलेलं इंजिन विकत घेतलं आणि बसवून घेतलं. गाडी सुरू झाली, शहरात बरी चालली. कळमन्याहून डाळ भरून जबलपूरकडे निघाली तेव्हा रडगाणं सुरू झालं. आमच्या गॅरेजमध्ये ती आली तोवर तिचा डिझेलचा पंप दोन वेगवेगळ्या ठिकाणी ‘वाढवून’, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा लावून, झाला होता, आणि प्रत्येक वेळी गाडी आधीपेक्षा वाईट चालू लागली होती.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण विदर्भात जुन्या ट्रकना बदली इंजिन बसवायचं काम रोजचं आहे आणि त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. ताकद कमी वाटली की पहिला हात पंपाला जातो. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडायला कुणी तयार नसतं.

इंजिन बी सिरीजचं, कमिन्सच्या घराण्यातलं. सहा सिलिंडर, १०२ मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक, एकूण ५,८८३ सीसी. बोलीत ‘पाच पॉइंट नऊ’. टाटा कमिन्सचा जमशेदपूरचा कारखाना १९९३ सालच्या भागीदारीतून उभा राहिला आणि या घराण्यातली इंजिनं हजारो भारतीय ट्रकांत गेली. आपल्याकडच्या मिस्त्रींना ते चांगलं ठाऊक आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन (हवा आत घेणारा इनलेट, जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट) म्हणजे एकूण बारा व्हॉल्व्ह. ते उघडणारी साखळी अशी: ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट, त्यावर टॅपेट, मग पुशरॉड, रॉकर आणि व्हॉल्व्ह. वर सहा वेगवेगळी छोटी झाकणं. डिझेल देणारा पंप लाइनचा, पूर्ण यांत्रिक. यात संगणक नाही, म्हणून दोष सांगणारा कोडही नाही. जे कळायचं ते कानाने, मापाने आणि धुराच्या रंगाने.

ड्रायव्हरचं बोलणं मी नीट ऐकून घेतलं. त्याच्या सांगण्यातच अर्धं निदान होतं. “भाऊ, कुरईच्या घाटात गाडी दमच सोडून राहिली. काळा धूर असा निघते का मागचा दिसत नाही. अन् उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावला का वरून टकटक, टकटक.” टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) अलीकडचा मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू गोळा करणारा पाइप, रात्री लाल दिसतो, हेही त्याने सांगितलं. खवासा ओलांडून शिवनीकडे जाताना लागणारा हा घाट आता रुंद झाला आहे, पण भरल्या गाडीला चढ तो चढच.

यातल्या धुराला आणि दम सुटण्याला दहा कारणं असू शकतात. एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावरच येणाऱ्या टकटकीला फार थोडी असतात. पंपवाल्यांनी पहिल्या दोन तक्रारी ऐकल्या आणि तिसरी सोडून दिली. मला तिसरीच सगळ्यात मोलाची वाटली.

एक्झॉस्ट ब्रेक लावला की टर्बोच्या पुढच्या पाइपातली झडप मिटते आणि मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. त्याच क्षणी ज्या सिलिंडरमध्ये हवा ओढायचा स्ट्रोक चालू असतो, तिथे आत दाब कमी असतो. बंद असायला हवा असा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मग मागून ढकलला जातो. त्याला सीटवर, म्हणजे तो जिथे टेकून मिटतो त्या कड्यावर, धरून ठेवायला स्प्रिंगशिवाय कुणी नसतं. हिशोबापुरतं व्हॉल्व्हचं तोंड ४० मिमी धरा. क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. मॅनिफोल्डमध्ये ४ बार दाब साठला तर मागून सुमारे ५० किलोचा जोर लागतो. स्प्रिंगचा बसल्या जागीचा ताण त्याहून कमी असेल तर व्हॉल्व्ह सीट सोडतो आणि दाबाची लाट ओसरली की आपटतो. तीच टकटक. प्रत्येक उतारावर हे शेकडो वेळा होतं, आणि सीट, व्हॉल्व्हचं तोंड, पुशरॉड, रॉकर सगळ्यांना मार बसतो.

म्हणून पंपाला हात न लावता आधी झाकणं उघडायचं ठरलं. गाडी संध्याकाळी लावून घेतली आणि माप सकाळी घेतलं. या इंजिनाचं टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावणं, थंड इंजिनावर करायचं असतं, आणि थंड म्हणजे ६० अंशांच्या खाली. मे महिन्यात दुपारी हायवेवरून आलेली भरली गाडी दोन तासांत तेवढी उतरत नाही. घाईने गरम इंजिनावर लावलेलं सेटिंग हा आपल्याकडचा मोठा रोग आहे.

इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५० मिमी, हे या इंजिनाचं माप. इथे सगळीकडे फट मोजायची एकच पत्ती लावलेली निघाली: बाराही व्हॉल्व्हना पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन एक्झॉस्टना तर पत्ती शिरेना. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्याची दांडी जास्त लांबते, म्हणून त्याला दुप्पट फट दिलेली असते. ती दिली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधून हेडकडे आणि तिथून पाण्यात जाते. सीटला टेकायलाच मिळालं नाही तर ती जाणार कुठे? कड जळते, फट वाढते, पेटलेला वायू तिथून निसटतो आणि कड आणखी जळते.

इंजेक्टर काढून त्या भोकातून हवा भरून पाहिली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. दोन सिलिंडरमधून एक्झॉस्टच्या बाजूला स्पष्ट फुसफुस. रिंगा चांगल्या होत्या; ऑइल भरायच्या भोकाशी तेवढी हवा येत नव्हती. बदली इंजिनाचा खालचा भाग धड आहे, रोग वर आहे, हे कळल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हायसं दिसलं. टर्बोपासून इनलेटपर्यंतचे होज दाब देऊन तपासले. एका क्लॅम्पपाशी गळती होती, ती लगेच बंद केली. तेवढ्याने घाट चढला नसता.

हेड उतरवल्यावर जे सापडलं ते या प्रकरणाचं मूळ.

इंजिनाच्या आधीच्या आयुष्यात या हेडच्या सीटा एकापेक्षा जास्त वेळा कापलेल्या होत्या. व्हॉल्व्हही ग्राइंड केलेले. दोन्हीमुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो. तो खोल गेला की त्याची दांडी वर सरकते. याचे दोन परिणाम होतात, आणि दुसरा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिला असा की रॉकरपाशी फट कमी होते. ती स्क्रूने परत लावता येते, आणि मिस्त्री तेवढं करतोच. दुसरा असा की दांडी वर गेल्याने तिच्या टोकाशी अडकलेली वरची टोपीही वर जाते आणि स्प्रिंगला मिळणारी जागा वाढते. जागा वाढली की स्प्रिंग कमी दाबली जाते, ताण घटतो. नवीकोरी स्प्रिंग बसवली तरी ती या जागेत ढिलीच राहणार. इथे काही व्हॉल्व्हना ही उंची मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरच्या आसपास जास्त भरली. त्यात स्प्रिंगा जुन्या. सपाट फरशीवर उभ्या करून गुण्या लावला तर काही सरळ उभ्याच राहत नव्हत्या. मोकळी लांबीही एकसारखी नव्हती.

सीट कापणाऱ्याने स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकली असती किंवा सीटच नवी बसवली असती तर हे टळलं असतं. लेथवर हेड देताना ‘सीट मारून द्या’ एवढंच सांगायची पद्धत आहे. स्प्रिंगची उंची मोजून द्या असं सांगणारा गिऱ्हाईक विरळा. हे मला खरंच खटकतं, कारण त्या मापाला व्हर्निअर कॅलिपर आणि पाच मिनिटं लागतात.

पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले. दोन डुगडुगले, म्हणजे वाकलेले. दोन्ही एक्झॉस्टचे. उतारावर गिअर खाली टाकून इंजिन मर्यादेबाहेर फिरवलं की असं होतं. हे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास गव्हर्नरवर, म्हणजे पंपातल्या वेग रोखणाऱ्या यंत्रणेवर, अडतं. त्या वेगाला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,२५० वेळा, म्हणजे सेकंदाला एकवीस वेळा उघडतो-मिटतो. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवू लागली की गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, फेऱ्या थांबवू शकत नाही. स्प्रिंग ढिली असेल तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे मागे खाली येतच नाही, हवेत राहतो, आणि सगळी साखळी आपटते.

आता कॅम पाहायचा होता. या इंजिनाचे टॅपेट खाली छत्रीसारखे रुंद असतात. वरून निघत नाहीत. कॅमशाफ्ट ओढला की ते खाली पडतात. इंजिन चेसिसमध्येच असताना कॅम काढायचा तर पुशरॉडच्या भोकांतून लाकडी दांड्या घट्ट ठोकून टॅपेट वर उचलायचे आणि जोडीजोडीने रबराने बांधून ठेवायचे. आमच्या मिस्त्रीने ते काम शांतपणे केलं. कॅमच्या लोबचे, म्हणजे उंचवट्यांचे, नाक ठीक होते. दोन टॅपेटच्या तळावर खड्डे पडू लागले होते, ते बदलले. त्या जागचे कॅमलोब भिंगाखाली पाहून, नखाला खरबरीत लागत नाहीत ना हे तपासूनच जुना कॅम परत घातला. खरबरीत लागले असते तर कॅम आणि बाराही टॅपेट नवे घ्यावे लागले असते. खराब लोबवर नवा टॅपेट टिकत नाही.

पुढचं टायमिंग केस उघडलंच होतं, तेव्हा आतली डॉवेल पिन पाहून घेतली. या घराण्यातल्या जुन्या इंजिनांत गिअर हाउसिंगची जागा धरणारी एक छोटी पोलादी पिन काळाच्या ओघात सरकून बाहेर येते आणि गिअरमध्ये पडू शकते. पडली तर हाउसिंग फुटतं. तिच्यावर पत्र्याची लहानशी पट्टी एका बोल्टखाली दाबून बसवली की भीती संपते. बदली इंजिन घेतलं आणि पुढचं झाकण उघडलं तर हे काम केल्याशिवाय झाकण लावूच नये.

स्प्रिंग निवडताना मालकाशी थोडा वाद झाला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की जितकी कडक स्प्रिंग तितकी चांगली. तसं नाही. स्प्रिंगचा प्रत्येक जादा किलो कॅमच्या नाकावर आणि टॅपेटच्या तळावर उतरतो. इथे टॅपेट सपाट आहे, रोलर नाही, आणि मध्ये फक्त ऑइलचा पातळ थर. इंजिन हळू फिरत असतं तेव्हा तो थर सर्वांत पातळ असतो, आणि शहरातल्या नाक्यांवर गाडी तासन्‌तास हळूच फिरते. म्हणून आम्ही एक्झॉस्ट ब्रेकवाल्या इंजिनासाठी बनलेल्या जास्त ताणाच्या स्प्रिंगा घेतल्या, त्याहून कडक नाही. बाराही नव्या. एक्झॉस्टच्या सीटा नव्या बसवून व्हॉल्व्ह मूळ खोलीवर आणले, इनलेटला जिथे फरक थोडा होता तिथे शिम टाकली, आणि प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजून खडूने हेडवर लिहिली. गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, व्हॉल्व्ह हलवून पाहिले. एक्झॉस्टचे गाइड सैल होते, तेही बदलले. सैल गाइडमध्ये व्हॉल्व्ह तिरका बसतो आणि नवी सीट लवकर खराब होते.

जोडणीत एक गोष्ट सांभाळायची: रॉकरच्या पेडेस्टलमधून हेडचेच लांब बोल्ट जातात. त्यामुळे हेड पूर्ण आवळून झाल्याशिवाय टॅपेट सेटिंगला अर्थ नाही. सेटिंगला या इंजिनात एक सोय आहे. गिअर हाउसिंगवर टायमिंग पिन असते. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आला की ती आत जाते. त्या स्थितीत इनलेटचे १, २, ४ आणि एक्झॉस्टचे १, ३, ५ लावायचे. पिन बाहेर ओढायची, नाहीतर ती तुटते. मग क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून इनलेटचे ३, ५, ६ आणि एक्झॉस्टचे २, ४, ६. पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असल्याने हे जमतं. पत्तीला हलकासा घास लागला पाहिजे, ओढावी लागली तर घट्ट आहे.

एवढं झाल्यावरच पंपाची पाळी आली. पंप उतरवून टेस्ट बेंचवर दिला आणि सांगितलं की पंपाच्या प्लेटवरचा क्रमांक पाहून त्याच्याच मापाला आणा, वर एक थेंबही नको. जास्तीत जास्त डिझेल किती जाईल हे ठरवणाऱ्या फुल लोडच्या स्क्रूचं सील तोडलेलं होतं. सहाही लाइनींतून येणारं डिझेल सारखं नव्हतं; दोघांनी वाढवताना सगळ्यांचं प्रमाण एक ठेवलंच नव्हतं. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेच्या, दाबानुसार डिझेल सोडणारा डायफ्राम फाटलेला होता, तो बदलला. टर्बोने हवा देण्याआधी डिझेल किती जावं हे तोच ठरवतो. गिअर बदलताना उठणारा काळा लोट बराचसा तिथून येतो. नोझलही तपासून घेतले. पंप परत बसवताना टायमिंग मूळ खुणेवर. उशिरा लागलं तर एक्झॉस्ट तापतं आणि मॅनिफोल्ड लाल होतो. लवकर लागलं तर इंजिन ठोकतं आणि हेड गॅस्केटवर भार येतो.

इथे नागपूरच्या उन्हाचा हिशोब मांडायला हवा, कारण पंप वाढवणारे तो कधीच मांडत नाहीत. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के कमी हवा मावते. डिझेल तेवढंच राहिलं तर मिश्रण आपोआप जड होतं. हिवाळ्यात धूर न देणारा पंप मे महिन्यात देतो. या गाडीत आधीच दोन सिलिंडरची हवा व्हॉल्व्हमधून निसटत होती, होज गळत होता, वर ऊन, आणि त्यात डिझेल वाढवलं. न जळलेलं डिझेल धूर झालं, उशिरा जळलेलं मॅनिफोल्डमध्ये गेलं, आणि आधीच जळत असलेल्या व्हॉल्व्हला आणखी उष्णता मिळाली. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी बंद ठेवली तर घर धुराने भरतं, जाळ वाढत नाही.

टर्बोच्या अलीकडे तापमापी बसवली. या गाडीला ती पहिल्यापासून नव्हती, पण दर महिन्याला घाट चढणाऱ्या गाडीला ती असावी असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे सतत ७०० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. काटा तिकडे सरकला की गिअर खाली. भरली गाडी कुरईला नेली. काटा नियमाच्या आत राहिला, धूर फक्त गिअर बदलताना फिका दिसला, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावर टकटक आली नाही. ड्रायव्हरने तीच गोष्ट आधी तपासली, हे मला आवडलं.

परत आल्यावर मालकाने अपेक्षेप्रमाणे विचारलं, “आता एवढं केलं तं पंप थोडा वाढवून द्या ना भाऊ.” नकार दिला आणि कारणं समोर ठेवली. या इंजिनाचा खालचा भाग मूळ ताकदीसाठी आहे, क्लच आणि गिअरबॉक्सही. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी वेगळी करता येत नाही. आणि धुराची चाचणी आहेच: या पिढीच्या डिझेल गाडीला मोकळ्या अ‍ॅक्सिलरेशनवर २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ एचएसयू (धुराचा गडदपणा मोजायचं एकक) ही मर्यादा. वाढवलेल्या पंपाने ती ओलांडली असती, आणि पासिंगच्या वेळी सील परत लावून घ्यायची धावपळ दरवर्षी झाली असती.

त्यातून एक जास्त महत्त्वाची गोष्ट निघाली. बदली इंजिनाचा नंबर आरसी बुकावर चढवलेलाच नव्हता. गाडी एमएच-४० ची, म्हणजे नागपूर ग्रामीण आरटीओची. इंजिन त्याच जातीचं असलं तरी नवा नंबर नोंदवणं बंधनकारक आहे. नाहीतर अपघातात विमा कंपनी बोट ठेवते आणि रस्त्यात तपासणीत गाडी अडकते. सुदैवाने इंजिन विकणाऱ्याची पावती आणि मूळ गाडीची कागदपत्रं मालकाकडे होती. पावतीशिवाय इंजिन घेतलं असतं तर हेडवर केलेला सगळा खर्च एका नाकाबंदीत अडकला असता. अर्ज भरला, गाडी तपासणीला नेली, नोंद झाली, आणि विमा कंपनीला लेखी कळवलं.

काही फेऱ्यांनंतर गाडी पुन्हा संध्याकाळी लावून सकाळी झाकणं उघडली. नव्या सीटा बसत जातात, त्यामुळे पहिली तपासणी लवकर करावीच लागते. तीन एक्झॉस्टची फट थोडी कमी झाली होती, ती परत ०.५० वर आणली. इनलेट जसेच्या तसे. पुशरॉड सगळे सरळ. ऑइलमध्ये धातूची चमक नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर, पंपाचं नवं सील शाबूत आहे का हेही तेव्हा पाहायचं.